मिलिग्रामकाकांच्या रिकाम्या गोळ्या

मिलिग्रामकाकांना खोटं सहन होत नसे. तसं ते कोणालाच होत नाही म्हणा, पण आपण निदान चालवून घेतो. काका घेत नसत. "पाचच मिनिटांत येतो" म्हणणारा पाहुणा पंधरा मिनिटांनी आला, की दार उघडायच्या आधी ते घड्याळ बघत आणि दार उघडल्यावर त्यालाही दाखवत. वजनकाटे दुरुस्त करण्याचा त्यांचा धंदा. किराणा दुकानापासून औषधांच्या दुकानापर्यंत सगळ्यांचे काटे त्यांच्याच टेबलावर येत, आणि त्यांच्या हाताखालून गेलेल्या काट्याला नाव ठेवायची कोणाची टाप नव्हती. मिलिग्राम हे नाव बाजारानं ठेवलं, आधी चिडवायला आणि मग सवयीनं. शेवटी त्यांनी स्वतःच ते दुकानाच्या पाटीवर रंगवून घेतलं.

काकू अगदी दुसऱ्या टोकाच्या. शेजारणीनं करपलेलं काहीतरी आणून दिलं तरी "छान झालंय हो" म्हणणार आणि तिची वाटी कधी रिकामी परत पाठवणार नाहीत. घरात काही नसलं तर चार लिंबं घालतील. "रिकामं कोणाला काही देऊ नये," हे त्यांचं एकमेव तत्त्वज्ञान, आणि पुढे जे घडलं ते सगळं त्याच्यामुळेच घडलं.

तीन वर्षांपूर्वी एका गोदामातला मोठा काटा तपासताना काकांनी वीस किलोचं लोखंडी वजन उचललं आणि पाठीत जी कळ आली ती मुक्कामालाच आली. फोटो काढले, पट्टे बांधले, शेक घेतले. दुखण्यावरच्या गोळ्यांनी पोटात आग पडायची, म्हणून त्याही बंद झाल्या. प्रत्येक जण "आठ दिवसांत पळायला लागाल" म्हणायचा. पळणं राहू द्या, काकांना स्टुलावर पाव तास बसवेना. आणि काटा काही उभ्यानं दुरुस्त होत नाही. नाजूक काम मान खाली घालून, श्वास रोखून करावं लागतं. तासभर सलग बसता आलं नाही तर दुकानाला कुलूप, हे त्यांनी मनाशी धरलं होतं. 

अशात ती डॉक्टरीण भेटली. वयानं त्यांच्या मुलीसारखी. तिनं सगळे कागद वाचले, पाठ तपासली, चार व्यायाम शिकवले आणि मग एक बाटली पुढे ठेवली.

"काका, खरं सांगू का?"

"खरंच सांगा. खोटं सांगणारे आत्तापर्यंत पुष्कळ भेटले."

"या गोळ्यांत औषध नाही. काहीच नाही, नुसती भुकटी आहे. पण रिकाम्या आहेत हे माहीत असूनही, रोज नेमानं घेतल्यावर काही जणांचं दुखणं थोडं हलकं होतं. सगळ्यांचं होत नाही. तुमचा मणका यानं बदलणार नाही आणि व्यायाम सोडायचा नाही. बघायचं का करून?"

तीन वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी त्यांना 'नाही' म्हटलं होतं. ती मुलगी काकांना तिथल्या तिथं आवडली.

घरी काकूंनी कपाळावर हात मारला. "औषध नसलेलं औषध! उद्या मी जेवण नसलेलं ताट वाढते, चालेल?"

दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन काकांनी बाटलीतल्या साठच्या साठ गोळ्या काचेच्या पेटीतल्या नाजूक काट्यावर एकेक करून तोलल्या. दोनशे पन्नास मिलिग्राम, इकडे-तिकडे एखादा. "माल चोख आहे," त्यांनी घरी येऊन जाहीर केलं.

मग नेम सुरू झाला. सकाळची गोळी काकू हातावर ठेवत आणि डॉक्टरणीनं सांगितल्याप्रमाणे म्हणत, "यात काही नाही हं." त्या हे असं म्हणत, जणू स्वतःच्याच हातानं पाहुण्याला उपाशी उठवत होत्या. दुपारची गोळी काका डबीतून दुकानात नेत. तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी त्यांनी चहाचा कप उचलला तर चहा गार झालेला. घड्याळ बघितलं. एक तास दहा मिनिटं ते स्टुलावर बसून होते! पाठ दुखत नव्हती असं नाही, पण ती पूर्वी आरडाओरडा करायची, आता नुसती कुरकुरत होती.

काकांनी त्याचा अर्थ आपल्या परीनं लावला. कधी कधी जुन्या काट्यावरचं वजन काढलं तरी त्याची सुई शून्यावर येत नाही, अडकून बसते. त्यात मोडलेलं काही नसतं. रिकाम्या पारड्याला हलकी टिचकी मारली की येते खाली. "ही गोळी म्हणजे टिचकी," ते काकूंना म्हणाले. काकूंनी मान डोलावली, "छान झालंय हो" म्हणताना डोलवायच्या तशीच.

दोन महिने असे गेले, तिसरी बाटली उघडली. बाजार परत दुकानात येऊ लागला, आणि काका त्या डॉक्टरणीचं नाव निघालं की मान वळवत, म्हणजे डोळे भरलेले दिसू नयेत.

मग तो मंगळवार. औषधांच्या दुकानाचा नाजूक काटा दुरुस्त करून झाला होता. प्रमाण वजनांची पेटी उघडण्यापूर्वी एक झटपट चाचणी म्हणून काकांनी डबीतली गोळी पारड्यात टाकली. तिचं वजन तर त्यांना पाठच होतं.

दोनशे सत्त्याण्णव.

"म्हातारा झालास," काका स्वतःला म्हणाले आणि काटा पुन्हा उघडला. दोन तास त्यांनी स्क्रू पिळले, धूळ फुंकली, स्वतःला नाही नाही ते बोलून घेतलं. शेवटी प्रमाण वजनं ठेवून बघितली. काटा चोख होता. खोटी निघाली होती ती गोळी.

काकांच्या डोक्यात उजेड पडला, आणि तो चुकीचा पडला. म्हणजे गोळ्यांत औषध होतं! 'काही नाही, काही नाही' म्हणत त्या मुलीनं आपल्याला गपचूप औषध चारलं, आणि आपण गावभर तिच्या खरेपणाचे गोडवे गात फिरलो. ते रागानं उठले आणि अर्ध्यातच थांबले. पाठीत तीच जुनी कळ. टेबल धरून ते कितीतरी वेळ तसेच उभे राहिले. पाठीपेक्षा त्यांना दुसरंच काहीतरी जास्त दुखत होतं.

बाटली घ्यायला ते घरी आले तेव्हा त्यांचा चेहरा बघून काकू उठल्या. चपला घालत म्हणाल्या, "मीही येते."

दवाखान्यात काकांनी बाटली टेबलावर आपटली. "सत्तेचाळीस मिलिग्राम जास्त! तुमच्यावर विश्वास ठेवला होता मी, बाई. बाकी सगळे खोटं बोलले ते चाललं मला. तुमचं नाही चालत."

डॉक्टरणीनं एक गोळी हातात घेऊन उलटी-सुलटी केली. "काका, ही आमची नाही. दिसायला तशीच, पण ही हाडांसाठी देतात ती."

काकू पदराच्या टोकाशी खेळत होत्या.

"मी घातल्या," त्या म्हणाल्या. "नऊ दिवस झाले."

"तू?"

"त्या दिवशी चपला घालताना भिंत धरलीत तुम्ही. मला बघवेना. रोज सकाळी नवऱ्याच्या हातावर रिकामी गोळी ठेवायची, जीव तुटतो हो! म्हटलं, काहीतरी तर असू दे त्यात."

डॉक्टरीण रागावली, आणि रास्तच रागावली. एकाच्या बाटलीत दुसऱ्याचं औषध कधी घालायचं नाही, या वेळी निभावलं म्हणून प्रत्येक वेळी निभावेल असं नाही. मग तिनं विचारलं, "पण काकू, या गोळ्या आणल्या कुठून?"

"माझ्याच. गुडघ्यांसाठी दिल्यात मला, मोठ्या डॉक्टरांनी."

"मग नऊ दिवस तुम्ही काय घेतलंत?"

"यांच्या रिकाम्या," काकू म्हणाल्या. "टाकायच्या कशाला? चांगल्या होत्या."

डॉक्टरणीला हसू आवरेना. काका मात्र हसले नाहीत. ते बायकोकडे बघत होते.

"तुझे गुडघे दुखतात?"

"दोन वर्षं झाली."

"बोलली नाहीस कधी."

"तुमची पाठ एवढी बोलत होती, मी मध्ये कुठे बोलू?"

ते दोघं परत निघाले. काका नेहमी चार पावलं पुढे असत; आज ते मागे चालले आणि पहिल्यांदाच त्यांना दिसलं, की काकू डावा पाय जरा जपून टाकतात. दोन वर्षं जपून टाकत असणार. गोळीतले सत्तेचाळीस मिलिग्राम त्यांना सापडले होते, हे मात्र नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

वळणावर ते थांबले. "अगं," ते म्हणाले, "माझ्यासाठी तू स्वतःचं औषध सोडलंस. असं करायचं नव्हतंस. पण माझ्यासाठी एवढं कोणीच केलेलं नाही." लग्नाला छत्तीस वर्षं झाली होती, आणि असलं वाक्य त्यांच्या तोंडून आजच निघत होतं.

"चला आता, रस्त्यात काय," काकू म्हणाल्या. पण त्यांनी काकांचा हात धरला, तो घर येईपर्यंत सोडला नाही. पाठीची कळ केव्हा थांबली ते काकांच्या लक्षातही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंनी नव्या बाटलीतली गोळी त्यांच्या हातावर ठेवली. "यात काही नाही हं."

"माहीत आहे," काका म्हणाले. तोलायचं त्यांच्या मनातही आलं नाही. मग त्यांनी फळीवरून दुसरी बाटली काढली, एक गोळी काकूंच्या हातावर ठेवली आणि पाण्याचा पेला पुढे केला.

"आणि यात आहे. घे, माझ्यासमोर घे."