सुकाणू ज्ञानोबाच्या हाती

आमच्या इंजिनिअर रेजिमेंटच्या सेलिंग टीमचा सराव तळेगावच्या वर, मावळातल्या एका धरणाच्या जलाशयावर चालत असे. मी नाईक होतो आणि माझा जोडीदार ज्ञानोबाही नाईकच. तो मोशीच्या जुन्या शेतकरी घरातला. माझे वडील लातूरकडून कामासाठी मोशीशेजारच्या चिखलीत येऊन स्थायिक झालेले.

नागरी वाचकांसाठी थोडे सांगणे आवश्यक आहे. शिडाच्या लहान बोटीत दोघे असतात. मागे बसतो तो हेल्म. सुकाणू आणि मोठ्या शिडाचा दोर त्याच्याकडे. पुढे बसतो तो क्रू. तो पुढचे लहान शीड, म्हणजे जिब, सांभाळतो आणि स्वतःच्या वजनाने बोटीचा तोल राखतो. शर्यत दोघे जिंकतात, पण नाव हेल्मचे लागते.

लष्कराच्या कमांड पातळीवरच्या स्पर्धेसाठी आम्हा दोघांतून एकच हेल्म जाणार होता. सुभेदार साहेबांनी दोन शर्यती ठरवल्या. पहिलीत ज्ञानोबा हेल्म, मी क्रू. दुसरीत उलट.

आमच्याकडे एक पद्धत होती. बोट एकाने सजवायची आणि तपासायची दुसऱ्याने. आपले काम आपण पास करायचे नाही. त्या सकाळी ज्ञानोबाची मांडणी मी तपासली. सुकाणू ज्या पिनवर टांगतात ती झिजलेली होती.

"पिन बदल," मी म्हणालो.

"आरं, चांगली हाय की ती."

"बदल."

"व्हय रं मास्तर, समजलं! माझी रेस उशिरा निघावी म्हनून चाललंय हे. दुपारच्या जोराच्या वाऱ्यात मी गावावं आन तुझ्या टायमाला वारा पडंल, असं वाटतंय व्हय तुला?"

सुभेदार साहेबांनी किनाऱ्यावरून विचारले, "चेक ओके?"

"नो सर. रडर पिन."

पिन बदलण्यात वेळ गेला. ज्ञानोबाने ती चिडूनच बसवली. त्याचा संशय चुकीचा होता. मात्र मला त्याचा हेवा वाटत होता, हे त्याने अचूक ओळखले होते. वारा कसा वाकतो हे मी टीममधल्या नव्या मुलांना फळ्यावर आकृती काढून शिकवत असे, म्हणूनच तो मला मास्तर म्हणायचा. ज्ञानोबा मान थोडी वळवायचा आणि वाऱ्याचा झोत येण्याआधीच त्याचा हात हललेला असायचा.

मे महिना होता. दुपारी घाटावरून पश्चिमेचा वारा उतरला. आम्ही दुसऱ्या बोयाकडे, म्हणजे शर्यतीच्या वळणाच्या तरंगत्या खुणेकडे, निघालो तेव्हा पाण्यावर पांढरा फेस दिसू लागला. आमच्या मागे, वारा ढकलत होता त्या दिशेला, धरणाची दगडी भिंत होती.

मोठा झोत आला आणि बूमखालची कप्पी तुटली. बूम म्हणजे मोठ्या शिडाच्या खालच्या कडेचा आडवा दांडा. त्याचा दोर या कप्पीतून येतो. कप्पी गेल्यावर बूम मोकळा सुटला, शीड फडफडू लागले आणि बोट भिंतीकडे सरकू लागली.

वॉकीटॉकीवर सुभेदार साहेबांचा आवाज आला. "बोट टू, सिच्युएशन?"

"कप्पी तुटली, सर."

"रेस्क्यू बोट पाठवतो. भिंतीपासून लांब राहा."

ज्ञानोबा शांतपणे म्हणाला, "मास्तर, जिब उलट्या अंगाला वढ. बांध. आता बूम धर. बोट मी थांबवतो."

मी जिब वाऱ्याच्या बाजूला ओढून बांधली. त्याने सुकाणूचा दांडा विरुद्ध बाजूला दाबून धरला. अशा वेळी जिब बोटीचे नाक एकीकडे ढकलते, सुकाणू ते दुसरीकडे वळवते आणि बोट जवळजवळ जागच्या जागी राहते. वर्गात हे मी अनेकदा शिकवले होते. त्या वाऱ्यात ते कोणी इतके निश्चल करून दाखवेल, असे मला वाटले नव्हते.

बूम माझ्या खांद्यावर आदळला. दुसऱ्या प्रयत्नात मी तो धरला आणि दोर थेट बूमभोवती बांधला.

"झालं?"

"झालं."

"मग चल. रेस अजून सपली न्हाई."

आम्ही रेस्क्यू बोटीला हात करून परत पाठवले आणि शर्यत पूर्ण केली. नवी पिन शेवटपर्यंत टिकली. किनाऱ्यावर उतरताना मी त्या पिनकडे पाहिले. त्याची शर्यत माझ्याच तपासणीमुळे पूर्ण झाली होती.

"दुसरी रेस कॅन्सल," सुभेदार साहेब म्हणाले. "हेल्म ज्ञानोबा. तू क्रू."

"सर, माझी रेस?"

"वारा बघ जरा."

मी सॅल्यूट केला.

स्पर्धेत आम्हाला पदक मिळाले. मोशीच्या चौकात ज्ञानोबाचा मोठा फ्लेक्स लागला. मूळ फोटो आम्हा दोघांचा होता. फ्लेक्सवर माझा फक्त खांदा उरला होता. ज्ञानोबा फोनवर हसत म्हणाला, "खांदा झकास आलाय राव!" मलाही हसावे लागले. पुढच्या हंगामात मी अर्ज करून टीम सोडली आणि पूर्णवेळ इन्स्ट्रक्टर झालो. माझ्या जागी लान्स नाईक बजरंग क्रू म्हणून आला.

त्यानंतरच्या पावसाळ्यात युनिटला पूरग्रस्त गावात पाठवण्यात आले. बचावाच्या बोटीवरही ज्ञानोबा आणि बजरंग हीच जोडी होती. बोटीत गावातली माणसे असताना पाण्याखालची तार इंजिनाच्या पंख्यात अडकली आणि इंजिन बंद पडले. ज्ञानोबा पाण्यात उतरला आणि त्याने तार सोडवली. बोट सुटली, पण प्रवाहाने त्याला नेले. बोटीतली सर्व माणसे वाचली.

मी आता फौजेतून निवृत्त होऊन चाकणच्या एका कंपनीत सेफ्टी ट्रेनिंग देतो. दरवर्षी त्याच्या स्मृतिदिनी मोशीला जातो. बजरंगही येतो. ज्ञानोबाची आई मला चहा देतात, मुलांची चौकशी करतात आणि मग बजरंगला जवळ बसवून घेतात.

"सांग रं बाबा. पान्यात उतरताना काय म्हनला त्यो?"

"'सुकानू धर' म्हणाला, आई. दुसरं काही नाही."

"आन तू धरलंस."

"धरलं, आई."

त्या हेच दरवर्षी विचारतात आणि तो हेच उत्तर देतो. शेजारच्या खुर्चीवर बसून मी ऐकतो. त्या बोटीतली क्रूची जागा मी स्वतः सोडली होती. बजरंगचा मला हेवा वाटतो.