पुसलेली कपाळं

ग्वाल्हेरात 'विलीनीकरण' म्हटलं की संस्थान गेल्याच्या आठवणीनं जुनी माणसं अजूनही घसा खाकरतात. आमच्या लश्कर भागातल्या दोन मराठी महिला मंडळांचं विलीनीकरण झालं तेव्हाही पुष्कळ खाकरणं झालं. एक मंडळ दरबारी अधिकाऱ्यांच्या आणि पुरोहितांच्या घरचं, दुसरं फौजेबरोबर आलेल्या घराण्यांचं. हळदीकुंकू कुणाच्या पद्धतीनं करायचं यावरच बैठका गाजल्या. शेवटी एक गोष्ट सगळ्यांना पटली, ती म्हणजे सगळ्या सभासदांचे फोटो असलेली परिचय पुस्तिका. हे काम माझ्या आईनं, म्हणजे नव्या मंडळाच्या चिटणीसबाईंनी, मला न विचारता माझ्या गळ्यात घातलं. मी दिल्लीहून फोटोशॉप शिकून आले होते आणि मला त्याचा तोराही होता.

फोटो मंडळाच्या हॉलमध्ये एकाच स्टुलावर बसवून काढले. बाई बुटकी असली की खाली उशी सरकवायची, म्हणजे प्रत्येक चेहरा चौकटीत त्याच जागी येणार. किला गेटला आमच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या काकू इस्पितळातून थेट आल्या. काका तिथं बरेच दिवस पडून होते. काकूंनी तोंड धुतलं, पर्समधून डबी काढून कुंकू नीट केलं आणि "लवकर खिंच गं, त्यांच्या जेवणाची वेळ झाली," म्हणत बसल्या.

सगळ्यांना एकाच जागी बसवण्यामागे माझा बेत होता. एका फोटोवर सगळी कामं करायची, संगणकाला ती क्रमानं नोंदवून ठेवायला सांगायचं आणि तोच क्रम उरलेल्या सगळ्या फोटोंवर एका बटणात चालवायचा. नमुन्याला मी माझाच फोटो घेतला. कापला, उजळला, मागची भिंत पांढरी केली. वरच्या ट्यूबलाइटची चकाकी कपाळाच्या मधोमध आली होती, सगळ्यांच्याच आली होती. मी तिथं एक गोल आखला आणि आजूबाजूच्या त्वचेचा रंग त्यात भरला. मी कुंकू-टिकली काही लावत नाही.

बटण दाबून मी चहा करायला गेले. परत येऊन वरवर नजर टाकली तर सगळे चेहरे कसे स्वच्छ दिसत होते. काय गेलंय ते मला दिसलंच नाही. आईनं नावं आणि फोन नंबर तपासले होते. फोटो मात्र मी कुणाला दाखवले नाहीत, सगळ्यांना चकित करायचं होतं. पुस्तिका नई सडकेवरच्या छापखान्यात असतानाच काका गेले.

प्रकाशनाला काकू अर्थातच नव्हत्या. गठ्ठा सुटला, प्रती हातोहात गेल्या आणि हॉलमधली बडबड हळूहळू थांबली.

"हे काय गं? सगळ्यांचं पांढरं कपाळ?"

दोन्ही मंडळांचं पहिल्यांदाच एकमत झालं, तेही माझ्याविरुद्ध. आईनं विचारलं, "तू बघितलं नाहीस?" मी म्हणाले, "आई, वो सब एक साथ चला दिया था ना, तो..." तोंड लपवायचं असलं की मी हिंदीत शिरते. इतक्या बायकांच्या कपाळाकडे मी एकदाही माणसासारखं पाहिलं नव्हतं, याची लाज वाटत होती.

मग करंडा आला, वाटीत कुंकू कालवलं गेलं आणि बायका काडेपेटीच्या काडीनं आपापल्या प्रतीतल्या फोटोंवर ठिपके देऊ लागल्या. काकूंच्या पानावर मात्र सगळ्यांच्या काड्या थांबत आणि पान हळूच उलटलं जाई. बाकीच्यांची ती नुसती चूक होती. काकूंच्या बाबतीत मात्र ती मुद्दाम केल्यासारखी दिसत होती, नवरा गेल्याबरोबर मंडळानं कुंकू पुसून टाकल्यासारखी.

"त्यांची प्रत तू नेऊन दे," आई म्हणाली. "आणि खरं काय ते सांग. त्यांना दुसऱ्या कुणाकडून कळता कामा नये."

काकू घरी एकट्याच बसल्या होत्या. त्यांनी आपलं पान काढलं आणि बराच वेळ पाहत राहिल्या. मी ट्यूबलाइटचं सांगितलं, नमुन्याचं सांगितलं. माझ्याच कानांना ते सगळं फालतू वाटत होतं.

"म्हणजे सगळ्यांचंच गेलं?"

"हो, काकू. बाकीच्या लावताहेत परत."

"आणि माझं?"

मी मान खाली घातली.

"फोटो खिंचवला तेव्हा हे होते," काकू म्हणाल्या. "इस्पितळात माझी वाट बघत होते. त्या दिवशीचं का म्हणून पुसायचं?"

त्या उठल्या, देवापुढची कुंकवाची कोयरी घेऊन आल्या आणि माझ्यासमोर ठेवली. मी बोट ओलं करून त्यांच्या फोटोवर कुंकू लावलं. ते जरा पसरलं. त्यांनी पुस्तिका मिटली नाही, वाळायला तशीच उघडी ठेवली.

हॉलमध्ये परत येऊन मी परत जमवलेल्या गठ्ठ्यातली एकेक प्रत उघडून काकूंच्या पानावर कुंकू लावू लागले. एक म्हातारी "अगं, हे..." म्हणू लागली. आईनं वाटी माझ्याकडे सरकवली. सगळ्या प्रती होईपर्यंत मला मान वर करवली नाही.