निळ्या दिव्याखालचं दुपटं

माझ्या मुलीच्या बाळाला जन्मल्या जन्मल्याच कावीळ चढली. नांदुऱ्याच्या एका लहान दवाखान्यात त्याला कालपासून निळ्या दिव्याखाली ठेवलं होतं. सकाळी पाहिलं तर कावीळ उतरायच्या ऐवजी वाढलेली. संध्याकाळच्या तपासणीतही तसंच निघालं तर अकोल्याला हलवून रक्त बदलावं लागेल, असं डॉक्टर म्हणाले. कावीळ मेंदूत शिरली तर झालेलं नुकसान भरून येत नाही, हे त्यांनी फक्त मला सांगितलं. मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते म्हणून. त्या दिवशी ते शिकल्याचा मला काही उपयोग दिसत नव्हता.

मुलगी शेजारच्या खोलीतल्या खाटेवरून एकच विचारायची, “उतरली का वं आई?”

मी म्हणायची, “उतरते.”

काविळीचा पिवळा रेणू दोन जवळपास सारख्या अर्ध्यांचा असतो. दोघांच्या उत्तेजित, म्हणजे प्रकाश शोषल्यावरच्या, अवस्था एकमेकींत गुंतलेल्या असतात, एका जुवाला जुंपलेल्या बैलांसारख्या. प्रकाश एकाने घेतला तरी हिसका दोघांना बसतो. बहुतेक वेळा ती ऊर्जा उष्णता होऊन विरून जाते. क्वचितच एक अर्धा वळतो, रेणूची घट्ट मिटलेली घडी उघडते, आणि मग तो शरीराबाहेर पडू शकतो. हे क्वचित घडणारं पुन्हा पुन्हा घडायचं, तर उजेड सतत कातडीवर पडायला हवा. दिवा तर चालूच होता. मग चुकतंय कुठे?

दुपारी मी औषधं घेऊन आले तेव्हा कळलं. बाळ दिव्याखाली दुपट्यात मानेपर्यंत गुंडाळलेलं, डोक्याला कुंची. शेजारी धामणगाव बढ्याहून आलेल्या विहीणबाई. नर्सची चाहूल लागली की त्या दुपटं काढत, ती गेली की परत गुंडाळत.

“हे काऊन केलं?”

“बाळंतपणातलं लेकरू उघडं ठेवते का कोणी? दिवा चालूच हाय न. चुलीची धग नाही का गोधडीतून लागत?”

“ही धग नाही, विहीणबाई. उजेड आहे. दुपट्याच्या आत अंधार आहे.”

विहीणबाईंनी कुंची काढली. मग स्वतःच दुपटं सोडलं. बाळाच्या डोळ्यांवरची पट्टी आणि लंगोट तेवढा राहिला.

“म्हंजे कालपासून त्याले काहीच नाही लागलं?”

“थोडंफार लागलं असेल.”

“आता उतरन?”

“मले माहीत नाही.” वर्गात हे उत्तर मी कधी दिलं नव्हतं.

संध्याकाळपर्यंत दोघी समोरासमोर बसलो. त्यांनी बाळाचं पाऊल धरलं होतं, तर मी तेही सोडायला लावलं. हाताचीही सावली पडते.

नर्स रक्त घ्यायला आली. तेवढ्यापुरता दिवा बंद करावा लागतो. तिने टाचेला सुई टोचली, बाळ रडलं, आणि दिव्याविना ते मला आणखीच पिवळं दिसलं.

“लवकर लाव वं बाई तो दिवा,” विहीणबाई म्हणाल्या. दुपटं त्यांनी मांडीखाली दाबून धरलं होतं.

नर्सने दिवा लावला आणि रक्ताची नळी घेऊन गेली. अकोल्याला न्यायला सांगून ठेवलेली गाडी दाराशी उभीच होती.