रिकामा ओटा

आमच्या गावातलं सरकारी ऑफिस मेहकरला नेलं, त्याला आता दोन पावसाळे झाले. भाडं वाचलं, लाईटबिल वाचलं, असं कागदावर लिहिलंय म्हणतात. वाचलं असेलही. मी शाळा पाहिली नाही, लिहा-वाचायला माझी मीच शिकले, पण एका सहीसाठी माणसं दिवसाची मजुरी मोडून मेहकरला जातात, ते कुणी कागदावर धरलं का, एवढं मला विचारावंसं वाटतं. आणि माझ्या जावेचं जे गेलं, ते तर कुठंच धरता येणार नाही.

माझी थोरली जाऊ शेजारीच राहते. मूलबाळ नाही, नवरा जाऊन लई वर्षं झाली, गुडघे गेलेले. तिला निराधारचा पगार होता. त्यासाठी दरसाल ऑफिसात जाऊन आपण जिवंत असल्याचं दाखवावं लागायचं. पण ती वर्षातून एकदा जाणारी नव्हती. आठ-पंधरा दिवसांनी धुतलेलं लुगडं नेसून काठी टेकत निघायची, कुणाचा हात धरायची नाही. ऑफिसच्या ओट्यावर बसलेल्या बायांचे अर्ज कुठवर आले, ते बाबूला खडसावून विचारायची. बाबू म्हणायचा, आजी, खुर्चीवर तुम्हीच बसा, मी घरी जातो.

मग कळलं की वरून एक साहेब येणार. ऑफिस इथं ठेवायचं की हलवायचं, ते तो बघून लिहिणार. आमच्याकडे पाहुणा येणार म्हटलं की आधी पसारा आवरतात. आम्ही बायांनी ओटा धुतला, सडा टाकला, रांगोळी काढली. आणि साहेबाला निवांत बसता यावं म्हणून घरोघर सांगितलं, आज कुणी तिकडं फिरकू नका. सांगत फिरणारी मीच. जाऊ निघायच्या तयारीत होती, तिलाही मीच थांबवलं.

साहेबानं चहा घेतला, रिकाम्या ओट्याकडे बघितलं, इथं रोज किती लोक येतात म्हणून विचारलं. बाबू सांगत होता, बसायला जागा पुरत नाही. पण समोर तर नुसती आमची रांगोळी. साहेबानं काय लिहिलं असेल, ते सांगायला नको.

जावेला म्हटलं, चुकलं माझं. ती हसली. "काऊन वो, मी दिसले असते तं साहेबाले नजर लागली असती का?"

पहिल्या वर्षी मी तिला मेहकरला नेलं. एसटीची पायरी चढवेना. मी खालून रेटलं, कंडक्टरनं बगलेत हात घालून वर ओढलं. गाडीभर माणसं बघत होती. येताना ती गाव येईपर्यंत खिडकीकडे तोंड करून बसली.

यंदा मी म्हटलं, रिक्षा करू. ती नको म्हणाली. पगार बंद होईल म्हटलं, तरी नको.

"मी जिती आहो हे तुले माहीत हाय ना? मंग झालं."

पगार बंद झाला. भाकरीची ददात नाही, माझ्याच चुलीवरची जाते. पण ती आता दाराबाहेर येत नाही. सकाळी मी ताट घेऊन गेले की "ठेव" म्हणते, आणि मी निघेपर्यंत त्याला हात लावत नाही.