रिले गप्प राहिला तेव्हा

घरातला पहिला पदवीधर मी झालो, तो पाचोडच्या शाळेतल्या विज्ञानाच्या सरांमुळे. बटण दाबण्याआधी ते प्रत्येक वायरीवरून बोट फिरवायला लावायचे.

परवा संभाजीनगरच्या प्रयोगशाळेत मी बनवलेल्या रिलेची, म्हणजे बिघाड दिसताच वीज तोडायला लावणाऱ्या उपकरणाची, शेवटची चाचणी होती. संगणकानं वीजवाहिनीवरचा बिघाड हुबेहूब उभा केला, अॅम्प्लिफायरनं तेवढा करंट रिलेत सोडला. रिलेनं लाइन तोडायची, तर तो गप्पच.

"काय राव, वर्षाची मेहनत पाण्यात?" सहकारी म्हणाला.

मग मी एकेका वायरीवरून बोट फिरवलं. करंटच्या दोन वायरी मीच उलट्या जोडल्या होत्या. समोरचा बिघाड रिलेला पाठीमागचा वाटत होता, आणि पाठीमागच्या बिघाडाला त्यानं लाइन तोडायची नसते. वायरी सरळ करून पुन्हा चाचणी घेतली आणि तो लगेच ट्रिप झाला, लाइन तुटली. जीव भांड्यात पडला.

संध्याकाळी सरांना पत्र टाकलं: "सर, रिले पास झाला. बोट मात्र उशिरा फिरवलं. रविवारी येतो, छडी काढून ठेवा."