रिकाम्या मुठीकडं पाहणारा भुजंग

भुजंग डोळे फाडून तातेरावच्या उजव्या मुठीकडं पाहून राह्यला होता. मुठीत काहीच नव्हतं. लिंबू कधीचंच डाव्या हातात गेल्तं. पण चतुर्थीला राजूरच्या देवळाच्या वाटेवर जमलेली दोनशे माणसं बी त्या रिकाम्या मुठीकडंच पाहत होती.

एवढं शिकायला या बावीस वर्षांच्या गड्यानं कापसाच्या जिनातलं काम सोडलं, अन् चौऱ्याहत्तर साली घनसावंगीच्या तातेराव जादूगाराच्या मागं लागला.

"हात कोन्हीबी हलवतंय," तातेराव म्हणायचा. "लोकायची नजर हलवता आली पाह्यजे. तू जिकडं पाहशील तिकडंच ते पाहतेत. अन् नुसतं सोंग करू नको, पकडतेत. लिंबू तिथंच हाय असं आधी तुला वाटू दे."

जेवता जेवता तो एकदम विचारायचा, "आत्ता तू कुठं पाह्यलं?" चुकलं की पाठीत धपाटा. भुजंगला हे जमायला वर्ष लागलं. राजूरच्या त्या खेळाच्या दिवशी सकाळीच तातेराव बोलला होता, "आजचा खेळ बराबर झाला तर पुढच्या चतुर्थीपासून रिंगणात तू. मी बाजूला बसतो."

अन् आता भुजंगला डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं, तातेरावच्या डाव्या हाताच्या बोटांतून लिंबू खाली सरकून राह्यलंय. पिवळी कड बाहेर आली, तरी तातेराव आपला हसतोय, बोलतोय. याला कळंना कसं? भुजंगची नजर तिकडं गेली. एकदाच गेली.

सगळं रिंगण तिकडं वळलं.

"अय उस्ताद, डाव्यात हाय की लिंबू!" एकजण वरडला.

"मंतर डाव्या हाताला लागू न्हाई काय?" दुसऱ्यानं जोडलं.

लिंबू धुळीत पडलं. लोक पोट धरून हसले. तातेरावनं हात जोडले अन् चादर गुंडाळली.

गर्दी पांगल्यावर भुजंगनं गप बसायला पाह्यजे होतं. बसला न्हाई.

"तुम्हाला साधं लिंबू धरता येईना उस्ताद, अन् हसू माझं झालं! म्हातारे झालात, घरी बसा आता."

तातेराव लिंबू पुसत म्हणला, "बराबर हाय. जा तू."

भुजंग गेला तो गेलाच. जिनात परत लागला. उद्या जाऊन पाय धरू, असं रोज म्हणायचा. गेला न्हाई. गर्मीच तेवढी लई होती अंगात.

सत्त्याहत्तर साली अंबडच्या स्टँडावर तातेरावची बायको द्वारकाबाई भेटली. कपाळ मोकळं होतं. भुजंगला तोंड वर करवंना.

"राजूरनंतर त्यायनं खेळ केलाच न्हाई," ती म्हणली.

"माझ्यामुळं, काकी. माझी नजर लिंबावर गेली."

"तुझ्या नजरेचं काय घेऊन बसला बाबा? त्यायच्या डाव्या हाताला राजूरच्या आधी दोन वर्षांपासून काहीच लागत नव्हतं. चुलीतला निखारा धरला तरी कळत नव्हतं. जालन्याच्या दवाखान्यातून महारोगाच्या गोळ्या चालू होत्या."