आगीची खूण

साहेबराव तापट होता, हे उदगीरच्या पलीकडच्या खेड्यांत लहान लेकरांनाही ठाऊक होतं. बासष्टच्या लढाईत तो चिन्यांच्या हाती सापडला, कैद भोगून परत आला, आणि गावानं त्याचं नावच ‘चिनी’ पाडलं. कुणी तशी हाक मारली की तो वाट सोडून त्याच्या अंगावर जायचा. आधीच बौद्धवाड्यातला, त्यात असा. लोक त्याच्यापासून दोन हात लांबच राहायचे.

कैदेतली एकच गोष्ट तो आपण होऊन सांगायचा. त्यांच्या बराकीवर दोन शिपाई होते, एक चीनच्या उत्तरेचा, दुसरा दक्षिणेचा. एकाचं बोलणं दुसऱ्याला ओ की ठो कळायचं नाही. मग एकजण तळहातावर बोटानं काही रेखायचा आणि दुसरा मान डोलवायचा. अक्षर एकच, वाचायचं ज्यानं त्यानं आपापल्या बोलीत. साहेबरावनंही त्यांच्याकडून थोडी अक्षरं उचलली. आगीचं अक्षर त्याच्या मनात बसलं होतं. पाय फाकून उभा असल्यासारखा माणूस आणि दोन्ही अंगांना उडालेली एकेक ठिणगी.

बहात्तरला पाऊस पडलाच नाही. राज्याच्या शिवेवर पाझर तलावाचं सरकारी काम निघालं आणि मराठी, कानडी, तेलुगू, तिन्ही बोलींची माणसं खडी फोडायला लोटली. साहेबराव फौजेतला, म्हणून सुरुंगाच्या वेळी शिट्टी फुंकायचं काम त्याच्याकडं आलं. जेवणाच्या सुट्टीला वाजायची तीही हीच शिट्टी. ओव्हरसियरनं मराठीत एक पाटी ठोकली होती, ‘सुरुंग लावला आहे, पुढे येऊ नये.’

एका दुपारी शिट्टी झाली. कानडी टोळीतल्या लक्ष्मम्माला वाटलं, सुट्टी झाली. ती पाटीच्या पुढं, बाभळीखाली ठेवलेल्या भाकरीकडं निघाली. उडालेला दगड तिच्या गुडघ्यावर आला. पुढं पाय कापावा लागला.

“पाटी लावलेली होती,” ओव्हरसियर म्हणाला.

साहेबराव त्याच्या अंगावरच गेला असता, पण चौघांनी धरलं. खरं तर त्याला स्वतःचाही तितकाच राग आला होता. शिट्टी त्यानंच फुंकली होती. दुसऱ्या दिवशी उजाडताच त्यानं चुन्याची बादली घेतली आणि खाणीभोवतीच्या मोठ्या दगडांवर ते आगीचं अक्षर काढत सुटला. मग टोळीटोळीत जाऊन खूण समजावली. कानडी लोक तिला बेंकी म्हणाले, तेलुगू निप्पू म्हणाले, मराठी आग म्हणाले. त्यानंतर खुणेपुढं कुणी पाऊल टाकलं नाही.

पण चिनी अक्षरं सरकारी कामावर! वरचा साहेब पाहणीला आला, भडकला, आणि साहेबरावला चौकीवर बसवण्यात आलं. तो हेर आहे का, इथपर्यंत विचारून झालं. त्याला सोडवायला शाळेतले गुरुबसप्पा गुरुजी धावत आले. साऱ्या जगाची एकच भाषा व्हावी, हे गुरुजींचं जुनं वेड. फौजदारासमोर त्यांनी तेच लावून धरलं. हा माणूस गुन्हेगार नाही, उद्याच्या जगाची वाट दाखवणारा आहे, भाषा एक झाली की माणसातली भांडणं मिटतील, असं बरंच बोलले.

फौजदारानं वैतागून दोघांनाही घालवलं. बाहेर येताच साहेबराव गुरुजींवरच उखडला.

“गुरुजी, आपल्या गावाची भाषा एकच हाय न्हाई? माझी माय पाणी मागायची ते बी त्याच भाषेत. लोकांना सगळं कळायचं. तरी आडावर चढू देत नव्हते. भाषा एक करून काय करणार तुम्ही?”

गुरुजी त्याच्यासोबत तलावाच्या कामाकडं चालू लागले.

कामावर खुणा खरवडून टाकल्या होत्या. पण लक्ष्मम्माचा नवरा चंद्रप्पा सगळ्या टोळ्या घेऊन खाली बसला होता. खूण परत आल्याशिवाय हातोडा उचलणार नाही, म्हणाला. ओव्हरसियर अडकला. चिनी अक्षर चालणार नाही, हेच तो पुन्हा पुन्हा सांगत राहिला. साहेबरावनं दात खात बादली उचलली, अक्षर पुन्हा काढलं आणि वर एक गोल डोकं चिकटवलं. आता ते चित्र झालं. चित्राला सरकारची हरकत नव्हती.

दहा वर्षांनी लातूरचा वेगळा जिल्हा झाला. चंद्रप्पा वारला होता. अपंगाच्या दाखल्यासाठी लक्ष्मम्माला नव्या कचेरीत न्यायला साहेबराव गेला. दारादारावर पाट्या होत्या, मराठी आणि इंग्रजी. एका कारकुनानं तिच्याकडं न बघता त्यालाच विचारलं, हिला काय पाहिजे? साहेबराव तोंड उघडणार, तोच लक्ष्मम्मा कुबडी टेकून पुढं झाली आणि सरळ मराठीत बोलली.

“मला विचारा. दहा वर्षांत तुमची भाषा शिकले मी. इथं माझी कुणी शिकलं का?”

कारकून कागद चाळू लागला. साहेबरावचं तोंड मात्र उतरलं. इतकी वर्षं तो तिच्या घरी जायचा, आणि नेहमी मराठीतच बोलायचा.

परतीच्या एस्टीत तो बराच वेळ धुमसत होता. निलंग्याच्या फाट्यावर गाडी थांबली, तेव्हा खिडकीबाहेर बघत गुरगुरल्यासारखं म्हणाला, “पाण्याला काय म्हणता तुम्ही?”

“नीरू,” लक्ष्मम्मा म्हणाली.

त्यानं चुकीचंच म्हटलं. ती हसली, तसा तो आणखी चिडला आणि पुन्हा म्हणाला.